तिथे फक्त पाणी होतं

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी ओढून जो बसला आहे ना, तो मी. एक म्हातारा सूक्ष्मदर्शक.

मी काही जन्मापासून असा नव्हतो. भिंगं घासणाऱ्या कारागिरांनी मला फार निगुतीने घडवलं होतं. विद्यापीठात आलो तेव्हा माझी केवढी ऐट! जरासुद्धा हादरा बसू नये म्हणून जड दगडी टेबल, स्वतंत्र थंडगार खोली, आणि दारावर पाटी: 'हात लावू नये.' खूप जणांनी माझ्यावर डोळे टेकले. पण मला आठवते ती एकच. विद्यार्थी तिला थेंबताई म्हणत.

ताईचं काम स्फटिक बनवण्याचं. आपल्या शरीरातली आणि जंतूंमधली प्रथिनं इतकी बारीक असतात की माझ्यासारख्यालाही दिसत नाहीत. पण ती शिस्तीत रांगेने बसली, तर त्यांचा स्फटिक होतो. त्यावर क्ष-किरण सोडले, की ते कसे विखुरतात त्यावरून प्रथिनाचा नकाशा काढता येतो. अडचण एवढीच, की ही मंडळी रांगेत बसायलाच तयार नसतात. ताई इवल्याशा थेंबांमध्ये कधी मीठ वाढवी, कधी आम्ल कमी करी, आणि रोज सकाळी माझ्याखाली एकेक थेंब ठेवून बघे. बहुतेक वेळा गाळच दिसे.

हात गुंतलेले असले की ती आईचा फोन स्पीकरवर ठेवी.

"अगं, खडेच ना ते? साखरेचे दुकानात आयते मिळतात. तुझे का होत नाहीत?"

"आई, साखरेला राग येत नाही. माझ्या प्रथिनाला खोलीतली हवा बदलली तरी राग येतो."

"म्हणजे तुझ्या सासूबाईंसारखंच की!"

ताई इतकी हसली की मीसुद्धा टेबलासकट हललो.

ते प्रथिन होतं फुप्फुसं पोखरणाऱ्या एका जंतूचं. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे सर, यांनी त्यावर एक औषध सुचवलं होतं. ते प्रथिनाच्या खोबणीत नेमकं बसतं आणि जंतूला नामोहरम करतं, असं ते सभासभांतून सांगतही सुटले होते. आता ते बसलेलं दाखवायचं तेवढं राहिलं होतं, आणि ते ताईने दाखवायचं होतं.

अखेर एका सकाळी औषध मिसळलेल्या थेंबात लखलखीत कडांचे स्फटिक दिसले. नायलॉनच्या इवल्याशा फासात एकेक अलगद उचलून तिने ते गोठवले. सर धावत आले. "अगं, कमाल केलीस! सोन्याचे हात आहेत तुझे!" पेढ्यांचं नाव निघालं नाही, पण कौतुक पोटभर झालं. माझ्याही पाठीवर थाप पडली.

क्ष-किरणांचं काम झालं, आणि शेजारच्या संगणकावर निळ्या जाळीसारखा नकाशा उमटला. ताई बराच वेळ एकाच जागी बघत राहिली. मग सरांना बोलावून म्हणाली, "सर, खोबणीत औषध नाहीये. तिथे फक्त पाणी आहे."

"नीट बघ."

"नीटच बघितलंय. औषधाएवढं काही तिथे मावतच नाही. फार तर दोनचार पाण्याचे कण."

एरवी 'अगं' म्हणणारे सर त्या दिवशी 'अहो'वर आले. "अहो मॅडम, पाणी की औषध, ते मी ठरवीन. तुम्ही स्फटिक बनवा."

"मग त्यात औषध माझ्या हातून बसणार नाही, सर."

ते दुसऱ्याच्या हातून बसलं. सरांचा एक लाडका संशोधक होता. सगळे त्याला पाठीमागे होयबा म्हणत. त्याने संगणकावरच, निळ्या जाळीबाहेर लोंबत असतानाही, औषधाचा रेणू नकाशातल्या खोबणीत दाबून बसवला. शोधनिबंधावरून आपलं नाव काढा, असं ताईने सांगितलं. ते मात्र लगेच ऐकलं गेलं.

निबंध गाजला. फोटोग्राफर आले. सर माझ्यावर वाकून उभे राहिले. माझा दिवा बंद होता, खाली काचही नव्हती.

"सर, काय दिसतंय?" फोटोग्राफरने विचारलं.

"भविष्य," सर म्हणाले.

पुढे ताईच्या नोकरीची मुदत वाढली नाही. कारण कुणी सांगितलं नाही. डबा, चपला आणि कार्डिगन घेऊन ती गेली आणि कुठल्याशा कॉलेजात शिकवायला लागली. इकडे त्या औषधाच्या मागे कितीतरी प्रयोगशाळा वर्षानुवर्षं राबल्या. औषध काही केल्या चालेना. शेवटी दूरच्या एका विद्यापीठातल्या लोकांनी आमचा नकाशा उघडून विचारलं, "औषध आहे कुठे?"

चौकशी समिती बसली. ताईला साक्षीला बोलावलं. तिने जे पाहिलं होतं, ते सांगितलं. आता खऱ्याला न्याय मिळेल, असं मला वाटलं. मी वेडाच!

निबंध मागे घेतल्याची सूचना निघाली, त्या दिवशी ताई आमच्या खोलीत आली. तिने ती संगणकाच्या पडद्यावरून मोठ्याने वाचली: "स्फटिकांचा दर्जा निकृष्ट असल्यामुळे निष्कर्षात त्रुटी राहिली." सर दारातच होते.

"सर, स्फटिक?"

सरांचा आवाज अगदी मायेचा झाला. "अगं, कशावर तरी ढकलावंच लागतं. तू तर आता इथे नाहीस. तुला काय फरक पडतो?"

ताई माझ्या टेबलाला धरून उभी होती.

"माझे स्फटिक चांगले होते," ती म्हणाली. सरांनी घड्याळाकडे पाहिलं. ती निघून गेली, आणि पुन्हा आली नाही.

सरांना मोठं पद मिळालं. होयबा त्यांच्या खुर्चीत बसला. कॅमेरावाला नवा सूक्ष्मदर्शक आला आणि माझी रवानगी इथे झाली.

मित्रांनो, माझ्यासाठी रडू नका. यंत्र जुनं झालं की अडगळीत जातं. पण ताई जुनी झाली नव्हती. तुमच्यातलं कुणी नीट बघून "इथे काही नाही" असं म्हणालं, तर रागावू नका, त्याला सांभाळा. आमच्या त्या थंडगार खोलीत आता असं म्हणणारं कुणी उरलेलं नाही. तिथे सगळ्यांना सगळं दिसतं.