पश्चिमेचं फाटक

उघडं फाटक सुलेखाबाईंना बघवत नसे. खोड सातव्या वर्षापासूनची. माणदेशातल्या त्यांच्या गावी एकदा त्यांच्या हातून परड्याचं फाटक उघडं राहिलं, कपिली गाय दुसऱ्याच्या ज्वारीत शिरली आणि तिची रवानगी थेट कोंडवाड्यात झाली. वडिलांनी हात उगारला नाही. पण गाय सुटून घरी येईपर्यंत दोन दिवस ते जेवायला बसले नाहीत. मग लग्न झालं, परदेशात फ्रीमाँट शहरात तीस वर्षं संसार झाला, नवरा गेला, तरी वळून कडी बघितल्याशिवाय सुलेखाबाईंचं पाऊल पुढे पडत नसे.

दोन हजार सहाच्या जुलैत त्या नेब्रास्काला लेकीकडे आल्या. इला गुरांची डॉक्टर. ती जिथे नोकरी करायची ती गुरांची रँच एका चर्चच्या मालकीची होती. एवढी मोठी की सुलेखाबाईंच्या गावासारखी पंचवीस गावं तिच्यात मावली असती. इथलं मांस चर्च गोरगरिबांना वाटायचं. मॅनेजरपासून घोड्यावरच्या गुराख्यांपर्यंत सगळे त्याच चर्चचे, एकमेकांना ब्रदर म्हणणारे. रविवारी अडलेली गाय सोडली तर कुणी कशाला हात लावायचा नाही.

निघताना विनीता नणंदेनं टोमणा मारलाच होता, "गोग्रास काढणाऱ्या घरातली पोर, आणि कुठे जाऊन बसलीय बघा!"

"गाईंना बरंच करते की ती," सुलेखाबाई म्हणाल्या होत्या. "पुढचं मी विचारत नाही."

शनिवारी संध्याकाळी इला त्यांना पश्चिमेच्या कुरणात घेऊन गेली. तिथल्या बैलाचा खूर सडला होता.

"आई, टोपी घाल. And please, गाईंना नमस्कार करत बसू नकोस. आमचे मॅनेजर ब्रदर हॅन्सन बघतात."

"बघेनात. त्यांच्या बैलाला तर नाही ना करत?"

इला हसली, पण लगेच गंभीर झाली. "जोक नाही गं. त्यांना चर्चमधलाच व्हेट हवा होता. मिळाला नाही म्हणून मला वर्षाच्या ट्रायलवर घेतलंय. विचारलं की म्हणतात, सप्टेंबरमध्ये बघू. एक चूक झाली ना, तर मी गेले."

ती बैलाकडे वळली. सुलेखाबाई कुंपणाच्या कडेनं पाय मोकळे करायला निघाल्या. बरंच पुढे एक फाटक लागलं. सताड उघडं, आणि तारेनं मागच्या खांबाला बांधून ठेवलेलं. पलीकडे दुसरं कुरण, टेकाडाआड कुठेतरी इंजिनाची घरघर. कुणाचं हे बेफिकीर काम, म्हणत त्यांनी तार सोडवली, फाटक ओढत आणलं, साखळी खिळ्यात अडकवली आणि दोनदा हलवून पाहिली. हाताला गंज लागला, मनाला बरं वाटलं.

परत येऊन इलाला सांगणार, तर तिचा फोन वाजत होता. रँचच्या साठ मैलांवरच्या दुसऱ्या ठाण्यावर एक कालवड अडली होती. इलानं आईला घरी सोडलं आणि तशीच निघून गेली. फाटकाचं राहूनच गेलं.

रविवारी पावणेदहाला तिचा फोन आला.

"पोट फाडून वासरू काढलं. दोघंही ओके आहेत. तू चहा घेतलास? किती गरम आहे ना! वारा पूर्ण पडलाय."

"इथेही पान हलत नाही."

"म्हणजे पश्चिमेची पाण्याची पवनचक्की बंदच असणार, हौद कोरडा पडला असेल. पण डोन्ट वरी, शुक्रवारीच तिथलं मधलं फाटक उघडून ठेवलंय. पलीकडे इंजिनच्या पंपावर पाणी आहे, गाई आपल्याआपण जातात."

सुलेखाबाईंनी कप खाली ठेवला.

"आई? आहेस ना?"

"आहे."

आता सांगावं. शब्द ओठांपर्यंत आले. पण त्याच्या पुढे सप्टेंबर उभा होता. "तू सावकाश ये," एवढंच त्या म्हणाल्या.

फोन ठेवला आणि त्यांनी खुंटीवरची जुन्या पिकअपची किल्ली काढली. चर्च दुपारी एकपर्यंत चालतं, कुरणात चिटपाखरू नसणार. जायचं, साखळी काढायची, तार होती तशी बांधायची, परत यायचं. कुणाला कळणार आहे?

फ्रीमाँटच्या फ्रीवेवर त्यांनी वीस वर्षं गाडी चालवली होती, पण वाळूतला रस्ता त्यांना नवा. दोनदा चाक रुतलं. अर्ध्या तासानं शेवटचं टेकाड चढल्या, आणि फाटक दिसायच्या आधी आवाज ऐकू आला. ते हंबरणं नव्हतं, घोगरा आक्रोश होता.

दोनशेच्या वर गाई, पायांत वासरं, सगळ्या फाटकाला रेटून उभ्या. पलीकडच्या पाण्याचा वास त्यांना येत होता. जिभा बाहेर, तोंडाला वाळलेला फेस. तारा वाकल्या होत्या. पुढच्या काळ्या गाईनं सुलेखाबाईंकडे पाहिलं आणि छातीनं फाटकाला धक्का दिला. साखळी कचकन ताणली गेली.

दूरच्या वाटेनं वळसा घालून त्या पलीकडच्या बाजूनं फाटकाशी आल्या. हात साखळीवर ठेवला. एक झटका, की सुटलं सगळं.

हात तिथेच थांबला.

त्या चौदा वर्षांच्या होत्या तेव्हा पाऊस दडी मारून बसला होता. गुरं दोन दिवस तहानलेली होती, तिसऱ्या दिवशी विहिरीला पाणी फुटलं आणि त्यांना पाजायची दगडी डोण भरली. कुणीतरी घाईनं सगळ्या आळीची गुरं एकदम सोडली. डोण दिसताच गुरं गुरं राहिली नाहीत. ती पांगली तेव्हा कपिलीचं वासरू डोणीच्या कडेला चपटं पडलं होतं, आणि कपिली त्याच्यावर पाय देऊन पाणी पीत होती.

इथे तर शंभर-दीडशे वासरं पायांत होती. हळूहळू, दहा-दहा करून सोडायला माणसं हवीत, घोडे हवेत. माणसं सगळी एकाच ठिकाणी होती. आणि तिथे जायचं म्हणजे सांगायचं.

सुलेखाबाईंनी साखळीवरचा हात काढला. काळी गाय ओरडली. "आले गं बाई," त्या म्हणाल्या, आणि धावत गाडीकडे गेल्या.

चर्चची पांढरी इमारत हॅन्सनच्या ऑफिसशेजारी होती. आत भजन चालू होतं. सुलेखाबाईंनी दार ढकललं तेव्हा बुटांत वाळू होती, नवऱ्यामागेही न सोडलेलं कुंकू घामानं नाकावर ओघळलं होतं. बाकांवरच्या माना एकामागून एक वळल्या. एका पोरीनं आईला मोठ्यानं विचारलं, "तिला लागलंय का?" भजन विस्कळीत होत थांबलं.

पुढच्या बाकावरून हॅन्सन उठला. साठीचा, हडकुळा, गळ्यात टाय.

"पश्चिमेचं फाटक बंद आहे," सुलेखाबाई इंग्रजीत म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "काल संध्याकाळी मी लावलं. इलाला माहीत नाही. गाईंना पाणी नाही."

हॅन्सन दोन ढांगांत जवळ आला.

"तुम्ही ते आता उघडलंत का?"

"नाही. चेंगरतील म्हणून नाही उघडलं."

त्यानं डोळे मिटले, उघडले. मग वळून फक्त एवढं म्हणाला, "ब्रदर्स, घोडे."

बायकापोरं मागे राहिली आणि पुरुष टायसकट निघाले. पुढचे तीन तास सुलेखाबाई फाटकाजवळ पिकअपपाशी उभ्या होत्या. घोड्यांनी कळप मागे दाबून धरला, फाटक हातभर किलकिलं करून दहा गाई घ्यायच्या, त्यांच्या वासरांसह हौदावर न्यायच्या, पोटं फुगायच्या आत हाकलायच्या, मग पुढच्या दहा. पांढरे सदरे मातीचे झाले.

इला पोचली तेव्हा शेवटच्या गाई पीत होत्या. कुंपणाच्या कोपऱ्यात एक वासरू पडलं होतं. इलानं गुडघ्यांवर बसून त्याचे डोळे पाहिले. मग उठली आणि हॅन्सनसमोर गेली.

"तुझ्या आईला फाटकाचा नियम सांगितला होतास?" त्यानं विचारलं. "जसं दिसेल तसंच ठेवायचं?"

"नाही. माझी चूक."

"दोनशे तेवीस वाचल्या, वासरं एक सोडून सगळी. तिनं फाटक उघडलं असतं तर आज आपण खड्डे खणत असतो." त्यानं टोपी झटकली. सुलेखाबाईंना वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलेल. "बाकीचं सप्टेंबरमध्ये बघू," तो म्हणाला आणि घोड्याकडे गेला.

जुनी पिकअप तिथेच ठेवून दोघी इलाच्या गाडीनं परत निघाल्या.

"आई, मी फोन केला तेव्हाच तुला कळलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"तुझी नोकरी जाईल म्हणून घाबरले."

"मी तिथूनच चर्चच्या ऑफिसला फोन केला असता." इलाचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "दीड तास, आई. ते वासरू अजून गरम होतं."

सुलेखाबाईंनी पदर शोधला. अंगावर शर्ट होता. बाहीनं डोळे पुसले.

मधल्या त्याच फाटकाशी इलानं गाडी थांबवली. "फाटक आलं की बाजूच्या सीटवरच्या माणसानं उतरायचं असतं," ती म्हणाली. "हाही नियमच आहे. बघून ये."

सुलेखाबाई उतरल्या. फाटक सताड उघडं होतं, कुणीतरी घाईत तारेचा एकच वेढा दिलेला. त्यांनी तार सोडवली, खांबाभोवती तीन वेढे घातले, पीळ दिला, आणि फाटक दोनदा हलवून पाहिलं. ते उघडंच राहिलं.

"झालं?" इलानं खिडकीतून विचारलं.

"थांब," त्या म्हणाल्या, आणि आणखी एक पीळ दिला.