मोकळीकमधला क

वत्सलाबाई इंगवले ‘मोकळीक’ म्हणाल्या, की रेकॉर्डिंगची खोली वीतभर आकसायची. दुसरा कुठलाही शब्द चालायचा. शिव्या चालायच्या, सुस्कारे चालायचे, आणि त्या सिनेमात सुस्कारे काय, पोत्यानं होते. पण ‘मोकळीक’ आली की चारी भिंती मुकाट्यानं पुढं सरकायच्या. सकाळपासून हेच चाललं होतं आणि आता मधली काच बाईंच्या कोपराला टेकत होती.

सिनेमा फ्रेंच होता, जुना, आणि भलताच बदनाम. कुठं बंदी, कुठं मोर्चे, कुठं तिकिटासाठी मारामाऱ्या. काहीजण म्हणाले, बाईच्या स्वातंत्र्याची हीच खरी गोष्ट. काहीजण म्हणाले, कसलं डोंबलाचं स्वातंत्र्य, बाप्यांची चैन आहे सगळी. आता तो मराठीत येत होता, आणि नायिकेला आवाज देत होत्या आमच्या कोल्हापूरच्या वत्सलाबाई. वय साठीकडं झुकलेलं, पण गळा असा की पडद्यावरच्या कुठल्याही पोरीनं उसना मागावा. उसना देता देता स्वतःचं बोलायचं मात्र राहूनच गेलेलं.

अडलं होतं एका वाक्यावर. फ्रेंच बाई खिडकीकडं पाठ करून उभी आहे, अंगावर एक चिंधी नाही. तिच्या नवऱ्यानंच तिला तसं उभं केलंय. कुणाबरोबर जायचं, कधी जायचं, तेही तोच सांगतो. आणि ती समोर बघून म्हणते, ‘त्यांनी मला मोकळीक दिली.’

“बसत नाही,” वत्सलाबाई माईकमध्ये म्हणाल्या. “तिचे ओठ आधी मिटतात. ‘त्यांनी’ म्हणताना ओठ मिटत नाहीत, संग्राम.”

लोकांचं बरं असतं, उचलली जीभ लावली टाळ्याला. डबिंगवाल्यांना ती चैन नाही. जीभ कधी उचलायची ते समोरचे ओठ ठरवतात.

काचेपलीकडून दिग्दर्शक संग्राम म्हणाला, “ताई, तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे. फक्त लिहिलंय तेच म्हणा.”

खोली वीतभर आकसली. म्हणजे आता दुसऱ्या कुणी म्हटलं तरी भिंतींना चालत होतं.

संग्रामच्या शेजारी आनंदराव बसले होते, बाईंचे यजमान. असल्या सिनेमाला आवाज द्यायची परवानगी त्यांनी बायकोला दिली होती, आणि परवानगी नीट वापरली जाते का ते बघायला सोबत आले होते. भला माणूस हो! कधी हात उगारला नाही, कधी आवाज चढवला नाही. फक्त चारचौघांत मान ताठ करून सांगायचे, “आमच्याकडं बायकांना सगळी मोकळीक.” आत्ताही त्यांनी संग्रामला तेच सांगितलं.

भिंत पाठीला लागली. पडदा नाकापाशी आला. फ्रेंच बाई आता पुऱ्या उंचीची झाली होती, आणि तिच्या खांद्यावर थंडीनं आलेला काटा दिसत होता.

“आणखी एकदा म्हटलंत तर तुम्ही इथं मावणार नाही,” ती म्हणाली. ती वत्सलाबाईंच्याच आवाजात बोलत होती, दुसरा आवाज तिच्याकडं नव्हता.

“आणि नाहीच म्हटलं तर?”

“मग मी अशीच. इतकी वर्षं उभीच आहे.” मग तिनं हळूच विचारलं, “मी कपडे घालू का?”

बाईंच्या कपाळाची शीर उडाली. “अगं, मला काय विचारतेस? इतके दिवस त्याला विचारलंस, आता मला? घाल, नाहीतर नको घालू. पण विचारू नकोस!”

हे वाक्य कुणी लिहून दिलेलं नव्हतं. स्वतःचा आवाज ऐकून वत्सलाबाईंना हसूच फुटलं. बाई गं, केवढा मोठा निघाला तो!

“वत्सला, म्हणून टाक की,” आनंदराव म्हणाले. “मी कधी अडवलंय तुला?”

“नाही हो अडवलंत. सोडणारेही तुम्हीच होतात ना, मग अडवायची वेळ येतीय कशाला?”

लाल दिवा लागला. फ्रेंच बाईचे ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले, उघडले. वत्सलाबाईंनी ‘त्यांनी’ टाकलं, ‘मला’चं ‘मी’ केलं, ‘दिली’ टाकलं, आणि ‘मोकळीक’च्या दाराला लावलेला तो शेवटचा क कडीसारखा उपसून फेकला.

“मी मोकळी.”

असं चपखल बसलं, की संग्रामनं टाळी वाजवायला हात पसरले. हात पसरेनात. आकसलेली खोली आता काचेपलीकडच्या दोघांची होती. आनंदराव त्याच्या मांडीला मांडी लावून बसले होते, दोघांची तोंडं हलत होती, आवाज येत नव्हता. पण ओठ वाचणं हा तर बाईंचा धंदाच. मोकळीक, मोकळीक म्हणत होते आनंदराव, आणि दर खेपेला काच पुढं येत होती.

“अहो, क सोडा!” बाई ओरडल्या. “क सोडा, म्हणजे सुटाल!”

आनंदरावांनी कानाला हात लावला. त्यांना ऐकू गेलं नाही.

वत्सलाबाईंनी हेडफोन काढून ठेवला. पडदा कधीच मागं राहिला होता, पायाखाली फ्रेंच गालिचा मऊ लागत होता. फ्रेंच बाईनं झग्याची एक बाही घातली होती, दुसरीचं अजून ठरत नव्हतं, आणि कुणाला घाई नव्हती. बाईंना इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

“या खिडकीबाहेर काय आहे गं?”

“ठाऊक नाही. मला पाठ करूनच उभं केलं होतं. बाहेरचं कुणी चित्रितच केलं नाही.”

दोघींनी मिळून खिडकी ढकलली. उजेड भसकन आत आला. तिथं कुणासाठी काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं. वत्सलाबाईंनी पदर खोचला, चौकटीवर पाय ठेवला, आणि ‘म’ म्हणण्याआधी मिटतात तसे ओठ मिटले.