मधला आकडा नाही

बाळकृष्ण जाऊन अडीच महिने झाले होते, आणि आखातात, हमरियातल्या त्यांच्या घरात मुस्तफाशेठ आणि क्षितिज समोरासमोर बसून एकमेकांचे वाभाडे काढत होते. मधे, वडिलांच्या खुर्चीत, आकांक्षा. ती पुण्याहून आईला न्यायला आली होती. न्यायनिवाडा करायला नव्हे.

मुस्तफाशेठ मूळचे राजापूरचे. मत्रहला त्यांचं मसाल्याचं दुकान आणि पदरी एक क्रिकेट टीम. क्षितिज एरवी लिफ्ट दुरुस्त करायचा आणि थंडीच्या मोसमात दर शुक्रवारी त्यांच्यासाठी स्टंपमागे उभा राहायचा. उन्हाळ्यात मैदानं ओस पडली की पुढच्या मोसमाच्या करारावरून दोघांचं जुंपायचं. बाळकृष्णांनी त्यावर थेट अमेरिकेतल्या बेसबॉलमधला तोडगा आणला होता. ते स्वतः कुठलाच खेळ धड बघत नसत, पण नियम वाचायचा त्यांना नाद होता. खेळाडूने एक आकडा लिहून पाकिटात घालायचा, मालकाने एक. लवादाने, म्हणजे त्यांनी, त्यातला एकच उचलायचा. मधला आकडा नाही.

गेल्या वर्षी क्षितिजने महिना पंचावन्न रियाल लिहिले, शेठनी चाळीस. बाळकृष्णांनी चाळीस उचलले. तेव्हापासून टीम क्षितिजला ‘पंचावन्न’ म्हणूनच हाक मारत होती. यंदा रुस्ताकचा एक संघ त्याच्या मागे लागला होता. आज इथे सही झाली नाही, तर उद्या त्यांचा माणूस कागद घेऊन येणार होता. आणि क्षितिज गेला तर टीमच बंद करतो, असं शेठनी सगळीकडे सांगून ठेवलं होतं.

“ऐंशीच्या खाली मी ग्लोव्ह्ज घालणार नाही,” क्षितिज म्हणाला.

“ऐंशीत मला बकरा येतो. तो निदान कॅच तरी सोडणार नाही.”

“मग बकऱ्यालाच उभा करा, अर्बाब. मालक तुम्ही.”

“करीन! चाळीस रियाल. वर एक सुटा बैसाही नाही. खलास.”

“काकू, बघा ना हे कसं बोलतात.”

“मी काही बघत नाही. पोहे खा,” आकांक्षाची आई, कलावतीबाई, म्हणाल्या. “ह्यांच्यासमोर निदान हळू भांडायचात दोघं.”

शेठ उगाच बशीतले शेंगदाणे बाजूला काढू लागले.

“पाकिटं द्या,” आकांक्षा म्हणाली.

शेठच्या पाकिटात साठ. क्षितिजच्या पाकिटात पंचेचाळीस.

पाकिटांची अदलाबदल झाली असावी म्हणून तिने नावं पुन्हा वाचली. तसं काही नव्हतं. तोंडाने ऐंशी म्हणणारा क्षितिज पुन्हा हरायच्या धास्तीने खाली आला होता. तो शहाणपणा करून पासष्टच लिहील आणि तेच उचललं जाईल, या धास्तीने शेठ वर चढले होते. एक लिफ्टने उतरला, दुसरा जिन्याने चढला, वाटेत गाठ पडलीच नाही.

दोन्ही आकडे वाचून दाखवले, तर शेठ म्हणणार, मागितले तेवढेच देतो. आणि पंचेचाळीस हे नवं नाव घेऊन क्षितिज काही इथे टिकला नसता.

“साठ,” ती म्हणाली.

शेठनी मांडीवर थाप मारली. “माझा! माझा आकडा! हरलास रे, पंचावन्न!”

क्षितिज आ वासून बघत राहिला. चेहऱ्यावर दुःख आणायला त्याला जरा वेळच लागला. “अन्याय आहे हा,” तो कसाबसा म्हणाला.

“तोंड बघा कसं झालंय! किती लिहिले होतेस? ऐंशी? बेटी, दे त्याची चिठ्ठी. दुकानात फ्रेम करून लावतो.”

शेठचा हात पुढे आला. आकांक्षाने चिठ्ठी आपल्या चहात टाकली आणि चमच्याने ढवळली.

“अगं!” आई ओरडली.

“हरलेली चिठ्ठी दाखवायची नसते, चाचा.”

“बाळकृष्ण तर मोठ्याने वाचायचा!”

“आता लवाद नवा आहे.”

शेठनी कपात वाकून पाहिलं, मग तिच्याकडे. पण जिंकलेला माणूस फार वेळ संशय धरत नाही. “बरं, रडू नको,” ते क्षितिजला म्हणाले. “नवे ग्लोव्ह्ज माझ्याकडून. पुढच्या वर्षी मात्र बेताने माग.”

“चूक झाली, शेठ,” क्षितिज अगदी मनापासून म्हणाला, आणि कुणी काही बोलायच्या आत त्याने सही ठोकली.

शेठनीही केली. कागद आकांक्षाकडे आला. मसुदा गेल्या वर्षीचाच होता. ‘लवाद’ या शब्दापुढे बाबांचं नाव छापलेलं होतं. ते खोडायचं की काय, हे तिने कुणाला विचारलं नाही. त्याच्याखाली थोडी जागा होती, तिथे तिने आपलं नाव लिहिलं.


शेठ तोवर पोह्यांची दुसरी बशी मागत होते.