ग्रहणात कापलेली पिशवी

निकाल पोरीच्या पाचवीच्या पूजेदिवशीच लागून गेला. न्यायाधीश सुनंदाबाई, फिर्यादी सुनंदाबाई, साक्षीदारही त्याच. आरोपी म्हणजे त्यांची सून वृंदा. ती अंबरनाथला माहेरी बाळंतिणीच्या खाटेवर डोक्याला फडकं बांधून पडलेली. गुन्हा काय, तर पंच्याण्णवच्या दिवाळीत, सूर्यग्रहण लागलेलं असताना, दुधाची पिशवी कात्रीने कापली.

पुरावा वृंदाच्या कुशीत होता. पोरीच्या उजव्या डोळ्यातली काळी बाहुली गोल नव्हती. ती खाली निमुळती होत बुबुळाच्या कडेपर्यंत गेली होती, कुलपाच्या भोकासारखी. "बघा, पिशवीचा कोपरा कापावा तस्सा कापलाय!" सुनंदाबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

पिशवी कापली हे खरंच होतं. त्या सकाळी सुनंदाबाईंनी सहा महिन्यांच्या पोटुशी सुनेला आतल्या खोलीत, खिडकीला चादर लावून बसवलं. चकल्यांच्या डब्यावर तुळशीपत्र, पाण्यावर तुळशीपत्र, सगळा बंदोबस्त चोख. मग स्वतः जपाला बसल्या, आणि बसल्या बसल्या त्यांचं डोकं चढलं. चहाशिवाय ते चढतंच. "वृंदे, जरा दूध तापव गं. चहा पातळ असतो, चालतो ग्रहणात." आता पिशवी काय दातांनी फोडायची? वृंदाने कात्री घेतली. ही हकिगत सुनंदाबाईंनी बदलापुरातल्या साऱ्या हेंद्रेपाड्याला ऐकवली. फक्त चहा कोणी मागितला, तेवढं सांगायचं राहून जाई. आणि वृंदा मूर्खासारखी गप्प बसे. सासू आहे, मोठी आहे, जाऊ दे. हे 'जाऊ दे' फार वाईट असतं हो.

कारण शिक्षाही ठरली होती. ग्रहणाची शांती केल्याशिवाय बारसं नाही, आणि बारशाशिवाय पोरीने बदलापूरच्या घरात पाऊल टाकायचं नाही. शांतीला मुहूर्त काही मिळेना. पोर तीन महिन्यांची झाली, खुदकन हसायला लागली, तरी बिननावाची, आजोळीच. तिचा बाप मधू दर रविवारी येई, लेकीला खेळवी, भजी खाई आणि "आईला कोण समजावणार?" म्हणत निघून जाई. कंपनीत हा साहेब. आईपुढे तोंडातून शब्द फुटेल तर शपथ.

शेवटी वृंदाच उठली. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात डोळ्यांच्या डॉक्टर तेजवानीबाई बसत. त्यांनी पोरीला तपासलं, वृंदालाही तपासलं आणि म्हणाल्या, "बाबाला आणा. दोन्हीकडचे असतील ते आजी-आजोबा आणा. सबके डोळे बघायचेत मला."

सुनंदाबाई आनंदाने तयार झाल्या. सुनेच्या माहेरची खोट डॉक्टरच्या तोंडून ऐकायची संधी कोण सोडेल? घरून निघताना ओट्यावरच्या कपाटाच्या उघड्या दारावर त्यांचं कपाळ आपटलं, तेवढाच काय तो अपशकुन. ते नेहमीच आपटायचं. खिडकीची झडप, वाळत घालायची दोरी, माळ्याची फळी, डोक्याच्या वर जे असेल ते त्यांना लागायचंच, आणि दर वेळी ते वृंदाने मुद्दाम तसं ठेवलेलं असायचं. वृंदा तीन महिने माहेरी होती, तरी.

डॉक्टरांनी सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब टाकले. वृंदाच्या आईवडिलांचे डोळे स्वच्छ निघाले. मधूच्या डोळ्यात, आतल्या पडद्यावर, खालच्या बाजूला पांढरा डाग दिसला. मग सुनंदाबाई खुर्चीत बसल्या, आणि डॉक्टर बघतच राहिल्या.

"आजी, तुम्ही वरच्या वस्तूंना धडकता का?"

"सून दार उघडं टाकते ना!"

"दार छोडो. तुमच्या दोन्ही डोळ्यांत खालचा पडदा नीट बनलेलाच नाही. खालचा पडदा वरचं बघतो. म्हणून वरचं तुम्हाला दिसतच नाही, जन्मापासून."

सुनंदाबाईंनी कपाळावरचं टेंगूळ चाचपलं. डॉक्टर सांगत गेल्या. पोटात डोळा आधी वाटीसारखा होतो, आणि त्या वाटीला खाली एक चीर असते. उशीच्या अभ्र्याला शेवटची शिवण घालावी तशी ती मिटत जाते. ती कशी मिटवायची हा हुकूम आईबापाकडून आलेल्या जीनमध्ये असतो. हुकमातच चूक असली की शिवण अर्धी राहते. कुणाची आत, पडद्यात, कोणाला न दिसणारी. कुणाची पार बुबुळापर्यंत.

"आजीकडून बाबाला, बाबाकडून बेबीला. या डोळ्याने थोडं कमी दिसेल. पण शाळेत जाईल, सगळं करेल."

"आणि ग्रहण?" सुनंदाबाईंनी शेवटचा प्रयत्न केला.

"ग्रहणात सहावा महिना होता ना? डोळ्याची ही शिवण दुसऱ्या महिन्यातच पूर्ण होते, आजी."

मधू भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लागला. थेंबांमुळे त्याला त्यातलं काहीच धड दिसत नव्हतं.

बाहेर आल्यावर वृंदाने कोणालाही न विचारता रिक्षावाल्याला सांगितलं, "बदलापूर." सुनंदाबाईंचे डोळे थेंबांनी अजून दिपलेले होते, घराचा जिनाही नीट दिसेना. वृंदाने एका हाताने पोर सांभाळली, दुसऱ्या हाताने सासूला धरून वर आणलं. तिला वाटत होतं, आता बोलतील. 'चुकलं माझं' एवढंही नको. 'तू काही केलं नव्हतंस' एवढंच. त्या एका वाक्यासाठी तिचा जीव तीन महिने तळमळत होता.

दाराशी शेजारच्या कौसाबाई उभ्याच होत्या. "काय म्हणाल्या डॉक्टर? पिशवीमुळेच ना?"

सुनंदाबाईंनी नातीला वृंदाकडून घेतलं, छातीशी धरलं आणि मान ताठ केली. "खानदानी डोळा आहे! माझ्याकडून आलाय. डॉक्टर कितीतरी वेळ बघत होत्या. रविवारी बारसं आहे, या."

घ्या! तीन महिने जे पाप होतं, ते जिना चढेपर्यंत घराण्याचा दागिना झालं.

"अगंबाई, मग ती पिशवी?" कौसाबाई म्हणाल्या.

"कसली पिशवी?"

वृंदाला आधी हसूच आलं. मग डोळे भरले, आणि मग असा संताप आला की 'जाऊ दे' कुठल्या कुठे गेलं.

"दुधाची, आई. मी कापली ती. चहा तुम्हाला हवा होता."

कौसाबाईंचा आ वासलेलाच राहिला. मधूने चपला काढायला खाली वाकून घेतलं. सुनंदाबाईंनी पोरीला वृंदाकडे दिलं आणि भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात गेल्या. कपाटाचं दार सकाळचं तसंच उघडं होतं. त्यांनी हात वर करून चाचपलं आणि ते स्वतः लावलं.

"चहा टाकते सगळ्यांना," आतून आवाज आला. मग खण उघडल्या-मिटल्याचा खडखडाट झाला. "कात्री कुठे गं ठेवलीस, वृंदे? पिशवी मी कापते."