पडद्याखालची वाक्यं

वाचनालयाच्या सभागृहात परदेशी सिनेमा फुकट दाखवत होते. भाषा कुणाच्या बापाला कळत नव्हती, पण पडद्यावर खाली मराठी अक्षरं येत होती. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन ताजं, म्हणून वाचायचं काम टेलरकाकांकडे. एरवी ज्याच्यापेक्षा त्याची कात्री जास्त बोलते, असा हा माणूस. आज मात्र बायकोच्या कानाशी लागून अखंड चालू होता. मागून कुणी "शुक्" केलं, तर त्यालाच डोळे वटारून दाखवले.

"ती इस्पितळात होती ना, तेव्हा घर खायला उठायचं, असं म्हणतोय तो," काका कुजबुजले. "चहासुद्धा गोड लागेना म्हणे."

तेवढ्यात सगळं सभागृह खो-खो हसलं. काकूंना नवल वाटलं. रुमालासाठी त्यांनी पर्समध्ये हात घातला, तर हाताला लागला काकांचा लांबचा चष्मा. निघताना त्यांनीच आत टाकला होता आणि द्यायच्या विसरल्या होत्या. त्याच्याशिवाय काकांना समोरच्या दुकानाची पाटीसुद्धा दिसत नसे.

"खरंच असं लिहिलंय?"

"मग काय, मी मनाचं सांगतोय?"

काकूंनी पर्सची चेन हळूच, आवाज न करता लावून टाकली.

"बरं. पुढे वाचा."