पहिलं उदाहरण

ग्रेस फिरीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. जूनमध्ये आलेलं ते पत्र गणपती होऊन गेले तरी टेबलावरच होतं. रोज उचलायचं, वाचायचं आणि आपलं इंग्रजी आठवून पुन्हा ठेवून द्यायचं.

ग्रेस मलावीची. आफ्रिकेतला तो देश मला नकाशात शोधावा लागला होता. वीसेक वर्षांपूर्वी भारत सरकारच्या एका प्रशिक्षणासाठी ती इकडे आली आणि कुटुंबांची पाहणी प्रत्यक्ष कशी करतात ते बघायला आमच्या कोल्हापूरच्या कार्यालयात तिला पाठवलं. मी तिथे घरोघरी जाऊन माहिती लिहून आणणारा साधा कर्मचारी. कुणाला शिकवावं असं माझ्याजवळ काही आहे, असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. साहेबांनी सांगितलं म्हणून तिला कुरुंदवाडजवळच्या एका वस्तीवर नेलं. आमचा नियम सोपा होता: एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. तिथल्या एका घरात केरबा आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघांचे संसार एका चुलीवर दिसले. मी एक कुटुंब लिहिलं. ग्रेसही तिथेच जेवली.

आता ती तिच्या देशाच्या सांख्यिकी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होती. परदेशी मदतीवर तिथे नवी पाहणी उभी राहत होती. टॅब आले होते, तज्ज्ञ आले होते. मदत संपल्यावर मात्र सगळं तिच्याच माणसांनी चालवायचं होतं, म्हणून त्यांच्यासाठी ती एक पुस्तक छापत होती. त्यातलं पहिलंच उदाहरण त्या घराचं, माझ्या नावासकट. छपाई वर्षअखेरीला. तिने एवढंच विचारलं होतं, यात सगळं बरोबर आहे ना?

माझं नाव मतदारयादीखेरीज आजवर कुठे छापून आलेलं नाही.

"बाबा, बरोबर आहे म्हणून लिहा की," सून अनुजा म्हणाली. "त्यात एवढं काय?"

पण मला माझ्या आठवणीचा भरवसा वाटेना. शेवटी एका सकाळी एसटीने कुरुंदवाड गाठलं.

केरबा वारला होता. त्याची बायको झुंबरबाई सोप्यात शेंगा फोडत बसली होती. ओळख सांगितल्यावर तिने चहा ठेवायला लावला आणि आधी ग्रेसची चौकशी केली. तिखटानं नाक गळत होतं तरी त्या पोरीनं रस्सा परत मागून घेतला, हे तिला आठवत होतं. मी विचारलं, तेव्हा तुमची चूल एकच होती ना?

"कुठली एक?" ती म्हणाली. "तवा आमी येगळं होऊन वरीस झालतं."

"मग मला एक का सांगितलीत?"

"लांबची पावणी दारात आल्ती. तिच्यासमोर घर फुटल्यालं दावायचं व्हय? धाकटीला म्हटलं, आजच्या दिस तुझी चूल इझव आन् हिकडं ये. तुमी गेल्यावर पेटवली की तिनं परत. मागल्या दारात जाऊन बघितलं असतं तर राख गरम घावली असती. पर सायेब कागदातनं मान वर काढतील तवा."

पलीकडच्या दारातून धाकटी जाऊ म्हणाली, "आन् भांडी समदी मला घासाय लावली हिनं."

दोघी हसल्या. मीही हसलो, पण चहा अर्धाच ठेवून उठलो.

घरी येऊन अनुजाला सांगितलं. इतक्या लांब कोण तपासायला येणार आहे, नाव येतंय तर येऊ दे, असं तिचं म्हणणं. प्रेमानेच म्हणत होती. वाईट हे की मलाही ते पटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शब्दकोश घेऊन लिहायला बसलो. चार कागद फाडले. पाचव्यावर जेमतेम अर्धं पान झालं. त्या घरात चुली दोन होत्या, असं लिहिलं. तुम्ही आलात म्हणून त्यांनी एक विझवली. तुमच्याकडेही परदेशी तज्ज्ञ बरोबर असताना लोक असंच काही करत असतील. ते परत गेले की तुमच्या माणसांना एकदा पुन्हा त्याच घरी पाठवा, आणि मागल्या दाराने जायला सांगा. मग शेवटची ओळ लिहिली: उदाहरण काढू नका, चुकीचं म्हणून छापा, आणि माझं नाव तसंच राहू द्या.

पोस्टातल्या मुलीने पाकीट वजनाला ठेवलं, मलावी कुठं आलं म्हणून विचारलं, तिकिटं लावली, शिक्का मारला आणि पाठीमागच्या पिशवीत टाकलं. मी तिथेच उभा होतो.

"पावणं, झालं न्हवं? सरका की," मागचा माणूस म्हणाला.

मी सरकलो.