डब्यावर लिहिलं होतं ‘स्टील पावडर’

मित्रांनो, मी एक जुनी पावडर आहे. तोंडाला लावायची नव्हे आणि कपडे धुवायचीही नव्हे. मी स्टेनलेस स्टीलची पावडर आहे. हसायचं असेल तर आधी ऐकून घ्या.

कारखान्यात वितळलेल्या स्टीलच्या धारेवर जोराचा वायू सोडला, तेव्हा तिचे बारीक थेंब उडाले आणि गोल कण होऊन गोठले. तीच मी. मला सहसा गंज चढत नाही. माझ्या काही बहिणींना साच्यात दाबून भट्टीत भाजतात, त्यांच्या गाळण्या आणि लहान दातेरी चाकं होतात. मला मात्र ज्योतीच्या बंदुकीतून उडवतात. मी तापून झिजलेल्या लोखंडाला चिकटते आणि त्याची झीज भरून काढते. खोड एकच, ओल लागली की मी नळीत अडकून बसते.

२००३ च्या मे महिन्यात मी कनेरगाव नाक्यावर मोहनसिंगांच्या लेथच्या दुकानात होते. डब्यावर त्यांनी खडूनं ‘स्टील पावडर’ एवढंच लिहिलं होतं. एका सकाळी साखरा गावचा पंपचालक रविंद्र तिथल्या पाण्याच्या पंपाचा झिजलेला शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, घेऊन आला. तीन दिवस नळ बंद होते. लोक नाल्यातलं पाणी पीत होते आणि चार लेकरांना जुलाब लागले होते. आज पंप सुरू व्हायलाच हवा होता.

मोहनसिंगांनी शाफ्ट लेथवर चढवला, झिजलेली जागा साफ केली आणि माझ्याकडे हात नेला. मी जागेवर नव्हते.

शेजारच्या ढाब्यावर धुरपताबाई भांडी घासायच्या. त्यांची पावडर संपली होती. त्या दुकानात डोकावल्या, डब्यावरचं नाव वाचलं आणि स्टीलची भांडी घासायची पावडर समजून डबा उचलून नेला. वऱ्हाडाच्या जेवणाची भांडी पडली होती, म्हणून त्यांनी मला सगळीच्या सगळी घमेल्यात राखेसोबत कालवलं. दोन पातेल्यांवर मी ओरखडे काढले, त्याची मला अजून लाज वाटते.

मोहनसिंग रविंद्रला घेऊन मला शोधत तिथं पोचले आणि घमेलं बघून ओरडले. “बाई, वाचता येत न्हाई काय?”

“वाचलं म्हणून तर घेतलं, भाऊ.”

नवी पावडर पुण्याहून यायला चार दिवस लागणार होते. रविंद्र डोकं धरून खाली बसला. घमेलं नालीत ओता आणि जा, असं मोहनसिंग दोनदा म्हणाले.

धुरपताबाई हलल्या नाहीत. “थांबा. तांदळावानी रोळून बघते.”

तांदूळ रोळताना खडे तळाशी राहतात आणि आपण ते फेकतो. इथं तळाचं ठेवायचं होतं. त्यांनी घमेल्यातलं सगळं परातीत काढलं, पाणी ओतलं आणि परात तिरपी करत राहिल्या. राख पाण्याबरोबर वाहून जाई आणि मी जड म्हणून मागे राही. सात वेळा पाणी बदललं. मग चुलीवरच्या तव्यावर मला हलवून हलवून वाळवलं आणि चाळणीतून काढलं. रविंद्र सारखा घड्याळ बघत होता. मी फार घाबरले होते.

पहिल्या फवाऱ्याला मी बंदुकीत अडकले. ओल राहिली होती. पुन्हा तव्यावर. दुसऱ्या वेळी मोहनसिंगांनी मला आधी भंगाराच्या तुकड्यावर उडवलं आणि वर हातोडी मारली. मी सुटले नाही. मग शाफ्टची पाळी आली. जागा भरली तेव्हा मी मूठभरच उरले होते. तीच मी आज तुमच्याशी बोलते आहे.

शाफ्ट घासून मापात आणला आणि रविंद्र मोटारसायकलवर तो घेऊन गेला. संध्याकाळी ढाब्यावरचा फोन वाजला. रविंद्रनं मावशींना बोलवा म्हटलं.

धुरपताबाईंनी पदराला हात पुसले. “लेकरं कशी हायत?”

“उतार हाय, मावशी. नळाचं पाणी पिऊन राहिलीत.”

त्या तिथंच खाली बसल्या आणि रडल्या.

मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवा आणि डब्यावर माझं पूर्ण नाव लिहा. आणि चुकलेल्या माणसाला ‘जा’ म्हणण्याआधी त्याच्या हातांना काय येतं ते विचारा. त्या दिवशी धुरपताबाई खरंच गेल्या असत्या, तर मी नालीत पडले असते आणि साखऱ्याच्या लेकरांनी आणखी चार दिवस नाल्याचंच पाणी प्यायलं असतं.